कीटकांच्या उपत्वचेतील प्रथिने
कीटकांच्या शरीरावरील बाह्य आवरणास ‘उपत्वचा’ म्हणतात. ती मुख्यतः कायटिन ही बहुशर्करा व प्रथिने यांची बनलेली असते. मराठवाड्यात पावसाळ्यात बाभळीवर आढळणारे सोनपाखरू मेल्यावर त्याचे अंतरंग कुजते. पुढील पंखांची चकाकती कवचे मात्र वर्षानुवर्षे टिकतात. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद, मद्रास इ. ठिकाणी अशी कवचे मलमलीवरील भरतकामात वापरीत. हा टिकाऊपणा दीर्घकाळ एकट्या कायटिनाचा मानला गेला.

फ्रेंच शास्त्रज्ञ ओद्ये यांनी १८२३ मध्ये भुंगेऱ्यांच्या पंखकवचांवर कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून मिळालेल्या अविद्राव्य अवशेषास, अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, ‘कायटिन’ हे नाव दिले. या पद्धतीतच फसगत दडलेली होती. अल्कात प्रथिने विरघळतात. भांड्यात उरले त्याला नाव मिळाले, धुऊन गेले ते उपेक्षित राहिले. ‘कायटिनयुक्त’ म्हणजे ‘कठीण’ असा समज त्यातून रूढ झाला. वस्तुतः सुरवंटाच्या मऊ कातडीतही कायटिन भरपूर असते.

या समजास खरा धक्का दिला तो झुरळाने. झुरळाच्या अंड्यांच्या कोशात कायटिन नसतेच. तरीही प्रथम पांढरा व मऊ असणारा हा कोश पुढे तांबूस व टणक होतो. प्रायर यांनी १९४० मध्ये दाखविले की, फिनॉलांच्या ऑक्सिडीभवनाने बनलेली क्विनोने प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींस जखडतात. उपत्वचाही अशाच रीतीने कठीण होते, असे त्यांनी प्रतिपादिले व या कमावलेल्या प्रथिनास ‘स्क्लेरोटिन’ म्हटले. बाभळीच्या सालीने कातडे कमावण्याशी याचे साम्य आहे. अर्थात ते स्थूलमानानेच, कारण दोहोंतील रासायनिक बंध वेगळे आहेत.

सर्वच प्रथिने कठीण नसतात. वाइस-फो यांनी १९६० मध्ये टोळाच्या पंखांच्या सांध्यातील रबरासारख्या ‘रेझिलिन’ प्रथिनाचे वर्णन केले. त्यातील साखळ्या टायरोसीन या ॲमिनो अम्लाच्या जोड्यांनी सांधलेल्या असतात, असे अँडरसन यांनी लवकरच सिद्ध केले.

व्हिन्सेंट व हिलर्टन यांनी १९७९ मध्ये प्रायर यांच्या उपपत्तीलाच आव्हान दिले. उपत्वचेतील पाणी निघून जाणे हेच काठिण्याचे मुख्य कारण होय, असे त्यांचे मत होते. रेबर्स व रिडिफर्ड यांनी १९८८ मध्ये अनेक उपत्वचा-प्रथिनांत आढळणारा ॲमिनो अम्लांचा एक समान क्रम दाखविला. हा भाग कायटिनाला चिकटतो, हे पुढे प्रयोगाने सिद्ध झाले. काही कीटकांच्या जीनोमांत अशा प्रथिनांची शंभराहून अधिक जनुके आढळली आहेत. क्विनोनांचे बंध व निर्जलीभवन यांचा वाटा मात्र उपत्वचेच्या प्रकारानुसार निरनिराळा मानावा लागतो.