विम्याच्या करारातील तिसरा माणूस

(१)
दुकानातील ओल्या फरशीवरून घसरून ग्राहकाचा पाय मोडतो. दुकानाचा फलक कोसळून रस्त्याने जाणारा जखमी होतो. अशा प्रसंगी भरपाईचा आणि कोर्टकचेरीचा खर्च उचलणाऱ्या विम्यास व्यावसायिक दायित्व विमा म्हणतात. हा करार दोघांत होतो : व्यावसायिक आणि विमा कंपनी. ज्याचा पाय मोडला, त्याची मात्र त्या कागदावर सही नसते. मग विम्याचा पैसा नेमका कोणाचा? आजच्या धाग्यात या प्रश्नाचा इतिहास पाहू.

(२)
प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. आगीचा किंवा सागरी विमा आपल्या स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करतो. दायित्व विमा आपल्यामुळे इतरांचे जे नुकसान होते, त्याची भरपाई करतो. सागरी विम्यास अनेक शतकांची परंपरा आहे. दायित्व विमा मात्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचे कारण उघड आहे. जोवर कायदा कारखानदारास सहजी जबाबदार धरत नव्हता, तोवर त्या जबाबदारीचा विमा उतरवण्याची गरजही कोणाला भासली नाही.

(३)
ती जबाबदारी कशी वाढत गेली, याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील लँकेशायरचे. जॉन रायलंड्स या गिरणीमालकाने गिरणीसाठी जलाशय बांधून घेतला. त्याच्या तळाशी खाणीची जुनी, बुजवलेली विवरे होती. १८६०च्या डिसेंबरात पाणी त्यांतून वाट काढत शेजारच्या थॉमस फ्लेचर यांच्या खाणीत शिरले. रायलंड्स यांचा व्यक्तिगत निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. तरीही १८६८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांना जबाबदार ठरवले. धोकादायक वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, ती निसटल्यास परिणामही त्यानेच भोगावेत, हे ‘कठोर दायित्वा’चे तत्त्व येथे रुजले. मात्र दैवी आपत्ती, परक्याचे कृत्य असे अपवाद त्यास होते.

(४)
१८८०मध्ये ब्रिटिश संसदेने मालकांच्या दायित्वाचा कायदा केला. कामगारास झालेल्या इजेबद्दल मालकाला ठरावीक परिस्थितीत भरपाई देणे भाग पडू लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी अ‍ॅश्युरन्स कॉर्पोरेशन’ स्थापन झाले. कायदा आणि विमा हातात हात घालूनच आले, असे म्हणता येईल. आक्षेपही उठले. स्वतःच्या निष्काळजीपणाचा विमा उतरवणे नीतीला धरून आहे काय? हप्ता भरला की मालक बेफिकीर होणार नाही काय? या वादात मालक होता, विमा कंपनीही होती. जखमी माणसाची बाजू अद्याप कोणी पुरती मांडली नव्हती.

(५)
ती उणीव १९२८च्या एका इंग्रजी खटल्यात ठळकपणे दिसली. एका मोटार कंपनीविरुद्ध जखमी माणसाने दावा जिंकला, परंतु कंपनी दिवाळखोरीत निघाली. विमा कंपनीने दिलेली रक्कम त्या जखमीस मिळाली नाही. ती कंपनीच्या सामाईक मालमत्तेत जमा झाली आणि तो सर्व सावकारांच्या रांगेत केवळ एक देणेकरी ठरला. पाय त्याचा, पैसा मात्र सावकारांचा! १९३०मध्ये ब्रिटनने कायदा करून अशा त्रयस्थास विमा कंपनीकडे थेट दाद मागण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी मोटारींसाठी त्रयस्थ विमाही सक्तीचा झाला. भारतात तेच तत्त्व १९३९च्या मोटार वाहन कायद्यात आले. आपल्या दुचाकीच्या कागदांवर आपण जी ‘थर्ड पार्टी’ वाचतो, ती हीच.

(६)
कारखाने आणि दुकाने यांच्याबाबत मात्र अशी सर्वसाधारण सक्ती नव्हती. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या आरंभी विविध धोके एकत्र करणारी सर्वसमावेशक दायित्व विम्याची प्रमाणित पॉलिसी प्रचारात आली. १९८६मध्ये तिची नवी आवृत्ती ‘कमर्शियल जनरल लायबिलिटी’ या नावाने आली. आज भारतातही याच नावाने असा विमा विकला जातो. त्या १९८६च्या आवृत्तीत एक कलम महत्त्वाचे होते. प्रदूषणामुळे होणारी हानी विम्यातून जवळजवळ संपूर्णपणे वगळण्यात आली. म्हणजे जो धोका सर्वांत मोठा, त्यालाच साध्या पॉलिसीची दारे बंद झाली.

(७)
तो धोका किती मोठा असतो, हे भारताने याआधीच पाहिले होते. २ डिसेंबर १९८४ची रात्र. भोपाळमधील युनियन कार्बाइड इंडियाच्या कीटकनाशक कारखान्यातील टाकीतून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांवर पसरला. ज्यांनी त्या कारखान्याशी कोणताही व्यवहार केलेला नव्हता, अशी हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे भरपाई मंजूर झालेल्यांची संख्या पाच लाखांहून अधिक झाली. इतक्या मोठ्या संख्येने ‘तिसरा माणूस’ इतिहासात क्वचितच समोर आला असेल.

(८)
त्याला न्याय मिळण्याचा मार्ग कसा होता? १९८५च्या कायद्याने सर्व पीडितांचे दावे भारत सरकारने आपल्याकडे घेतले. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. हा खटला भारतातच चालावा, असे न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६मध्ये ठरवले. मग भोपाळचे जिल्हा न्यायालय, जबलपूरचे उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. फेब्रुवारी १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. तोवर चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि प्रत्येक पीडिताच्या हाती रक्कम पडण्यास त्यानंतरही वर्षे लागली.

(९)
दरम्यान ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६मध्ये रायलंड्स प्रकरणातील अपवाद बाजूस सारले. धोकादायक उद्योगाचे दायित्व ‘निरपेक्ष’ आहे, आणि उद्योग जितका मोठा व संपन्न, तितकी भरपाईही मोठी असावी, असे न्यायालयाने सांगितले. परंतु दायित्व निश्चित होणे वेगळे आणि पैसा वेळेवर मिळणे वेगळे. भोपाळने शिकवलेला धडा हाच होता.

(१०)
त्यातून १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम जन्मला. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या मालकास विमा सक्तीचा झाला. अपघात झाल्यास कारखान्याबाहेरच्या माणसाने (कामगारांसाठी १९२३चा भरपाई कायदा होताच) जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. शक्यतो तीन महिन्यांत निर्णय व्हावा आणि त्यानंतर ३० दिवसांत रक्कम अदा व्हावी. अधिक भरपाईसाठी न्यायालयाचा मार्ग खुलाच राहिला. मालकाच्या संरक्षणासाठी निर्माण झालेले साधन येथे पीडिताच्या तातडीच्या मदतीसाठी वापरले गेले.

(११)
पण मूळ अनुसूचीतील आकडे पाहा : मृत्यूबद्दल २५,००० रुपये, वैद्यकीय खर्चासाठी कमाल १२,५०० रुपये, मालमत्तेच्या हानीसाठी कमाल ६,००० रुपये. ही अंतिम भरपाई नव्हे, तातडीची मदत होती, हे मान्य केले तरी तत्त्वाची भव्यता आणि रकमेचा तुटपुंजेपणा यांतील अंतर डोळ्यांत भरते.

(१२)
या कथेचा सर्वांत विदारक भाग मात्र विमा उतरवण्याविषयीच आहे. ऑक्टोबर १९९१मध्ये भोपाळ तडजोडीच्या पुनर्विलोकनात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला आदेश दिला : ज्यांच्यात आज लक्षणे नाहीत, पण पुढे दिसू शकतात, अशा सुमारे एक लाख लोकांसाठी सामूहिक वैद्यकीय विमा उतरवावा. १४ मार्च २०२३ रोजी वाढीव भरपाईची सरकारची याचिका फेटाळताना पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोंदवले की हा विमा उतरवलाच गेला नाही, आणि हा सरकारचा घोर निष्काळजीपणा होय. ज्या वर्षी सरकारने उद्योजकांवर विम्याची सक्ती केली, त्याच वर्षी स्वतःला मिळालेला विम्याचा आदेश त्याने पाळला नाही.

(१३)
म्हणून दायित्व विम्याचा इतिहास केवळ हप्ते आणि पॉलिसींचा इतिहास नाही. लँकेशायरमधील खाणमालक स्वतः खटला लढवू शकत होता. १९२८च्या जखमीसाठी संसदेला कायदा करावा लागला. भोपाळच्या वस्त्यांतील माणसासाठी कायदा झाला, आदेशही झाला, तरी त्याचा विमा उतरायचा तो राहूनच गेला. पुढे कधी एखाद्या कारखान्यातील गळतीची बातमी वाचाल, तेव्हा मृतांच्या आकड्यापाशी थांबू नका. त्या कारखान्याचा सार्वजनिक दायित्व विमा होता का आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मदत किती दिवसांत दिली, हेही शोधा.

धागा समाप्त. शंका असतील तर अवश्य विचारा.