शेतातील उंदीर : वर्गीकरणाचा इतिहास

कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील व्होल हे बोथट मुस्कटाचे, आखूड शेपटीचे प्राणी महाराष्ट्रात आढळत नाहीत. भारतात ते हिमालयाच्या परिसरापुरते मर्यादित आहेत. तथापि दख्खनच्या शेतांतही आढळणाऱ्या एका उंदराची शास्त्रीय नोंद प्रथम व्होल म्हणूनच झाली. टॉमस हार्डविक यांच्या चित्रसंग्रहावरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३०–३५ या काळात भारतीय प्राण्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या उंदराला आर्व्हिकोला बेंगालेन्सिस हे नाव आहे व आर्व्हिकोला ही व्होलांची प्रजाती होय. ठेंगणे अंग व रुंद मुस्कट पाहता हा समज अस्वाभाविक नव्हता. दाढा मात्र वेगळी साक्ष देतात : व्होलच्या दाढांवर एकाआड एक त्रिकोणांची नागमोडी नक्षी असते, तर या उंदराच्या दाढांवर आडवे पट्टे असतात. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी त्याला नेसोकिया प्रजातीत घातले. पुढे गुनोमिस हे नाव आले व अखेर घुशीबरोबर त्याची गणना बँडिकोटा प्रजातीत झाली. आज तो म्यूरिडी कुलात व व्होल क्रिसेटिडी कुलात मोडतात.

पुस्तकी वर्गीकरण असे बदलत असताना शेतावरचे ज्ञान अधिक नेमके होते. वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तळी खोदणारे वडार लोक कोक (बँडिकोटा बेंगालेन्सिस) व मेत्ताड हे दोन उंदीर वेगळे ओळखीत, असे तीवरून दिसते. कोक खोल बिळे करून धान्य साठवितो. एका बिळातून कधी अर्धा शेर धान्य, अखंड कणसांसह, निघे. सुगीत वडारांचा बराचसा निर्वाह त्यावर चाले. मेत्ताड मात्र दगडांच्या ढिगांत, कोकच्या सोडलेल्या बिळांत किंवा काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. पावसाळ्याच्या आरंभी भेगा बुजल्या की असंख्य मेत्ताड मरतात. १८२६ मध्ये आरंभीचा पाऊस कमी पडला व हा नैसर्गिक आळा सुटला. पेरलेले बी त्यांनी खाल्ले, पुढे ताटांवर चढून ज्वारीची कणसे तोडली. शेतकऱ्यांना सारा भरणे अशक्य झाले. धान्याच्या मोबदल्यात वडारांनी हजारो उंदीर मारले, तरी संख्या घटल्याचे दिसेना. दुष्काळापाठोपाठ १८७८–७९ मध्येही दख्खनमध्ये उंदरांचा मोठा उपद्रव झाला.

मेत्ताडला ग्रे यांनी १८३७ मध्ये दिलेले जातिनाम मेल्टाडा असे आहे; वडारांचा शब्द त्यात किंचित बिघडलेल्या रूपात टिकून आहे. १९११ मध्ये ओल्डफील्ड टॉमस यांनी त्यासाठी मिलार्डिया प्रजाती स्थापिली. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचे हे नाव असून त्याच सुमारास संस्थेने सस्तन प्राण्यांची पाहणी खानदेशापासून सुरू केली.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. जवळा बाजारच्या (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) आसपास पूर्णा खोऱ्यात आढळतात तशा काळ्या जमिनी उन्हाळ्यात खोल भेगाळतात, ओलिताखाली मात्र त्या कमी भेगाळतात. कोकच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो, त्यामुळे बीळ शोधून विषारी आमिष ठेवता येते. भेगांत विखुरलेल्या मेत्ताडवर हा उपाय तितका लागू पडत नाही.