दहा वाजता माइक बंद

नाटक पडलं असं लोक म्हणतात ते रात्री दहाला. पण त्याचं पडणं आदल्या संध्याकाळी तालमीच्या खोलीत सुरू झालेलं असतं. पुढचा घटनाक्रम कुणा एका मंडळाचा नाही. राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी हौशी नाटक ज्या ज्या कारणांनी पडतं, ती सगळी एका प्रयोगाच्या तासांत बसवून मी तो मांडला आहे. नाटक मात्र मुद्दाम निवडलं: आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’. १९६२ साली ते रंगभूमीवर आलं आणि प्रभाकर पणशीकरांनी त्यात आरोपी लखोबा लोखंडेसह पाच रूपं उभी केली. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक चांगल्या नटाला एकदा तरी लखोबा करावासा वाटतो.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, उघड्या मैदानावर.

शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

रंगीत तालमीची वेळ. शाळेच्या खोलीत निम्माच संच जमला आहे. एकजण शिर्डीच्या लॉजवर कामाला आहे, त्याची पाळी आठला सुटते. पुढे नगर-मनमाड रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांची रांग असली, तर शिर्डी-राहाता या पाच-सहा किलोमीटरला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. गळीत हंगाम सुरू आहे, म्हणून दुसरा साखर कारखान्यावर अडकला आहे. या अडचणी वाचनाच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहेत. तरी निरोप सगळ्यांना एकच जातो: साडेसहाला या.

या नाटकात तर हे टाळणं फार सोपं होतं. कोर्टाचं नाटक आहे. साक्षीदार एकामागून एक येतात आणि बहुतेकांचं काम आपापल्या प्रवेशापुरतं असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाचा प्रवेश, एवढा कागद खोलीच्या दाराला लावला असता तर प्रत्येकाला आठवड्यातली एक-दोनच संध्याकाळ द्यावी लागली असती. हौशी नट पैसे घेत नाही, तो वेळ देतो. दिग्दर्शकाने आधी त्याच्या वेळेचा हिशेब ठेवायला हवा.

७.२०

सगळे येईपर्यंत थांबून शेवटी तालीम सुरू होते. नेहमीप्रमाणे पहिल्या पानापासून. पहिले प्रवेश आता झोपेतही येतील इतके घोटून झाले आहेत. शेवटचे प्रवेश मात्र जेमतेम उभे राहिलेत, कारण रोज तिथे पोचेपर्यंत रात्र होते आणि माणसं पांगतात.

८.४५

साक्षीदाराचं काम करणाऱ्या ताई दोन तास बाकावर बसून आहेत. त्यांचा प्रवेश अजून आलेला नाही. घरी नऊची वेळ सांगून त्या आल्यात. त्या उठतात. दिग्दर्शक म्हणतो, “ताई, तुमचं पाठांतर चोख आहे, काळजी नाही.”

पाठांतर चोख आहेच. पण समोरच्या माणसाबरोबर सलग बोलण्याचा सराव नाही. आणि गावाकडे बाई नाटकात काम करायला तयार होते तेव्हा तिच्या घरातली दोन-तीन माणसं तिच्याबरोबर ती जोखीम उचलत असतात. तिला सांगितलेल्या वेळेला बोलावणं आणि सांगितलेल्या वेळेला सोडणं, एवढ्यावर पुढच्या वर्षी ती येणार की नाही हे ठरतं. स्त्री-भूमिकेला कुणी मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या मंडळांनी तालीम किती वाजता संपते हे आधी पाहावं.

९.१०

लॉजवरचा नट आला. त्याच्या दुसऱ्या वाक्याला दिग्दर्शक त्याला थांबवतो, स्वतः पिंजऱ्याशी उभा राहतो आणि वाक्य म्हणून दाखवतो. नट तसं म्हणायला बघतो, जमत नाही. पुन्हा थांबवलं जातं. मागे विंगेत उभी असलेली माणसं आता गप्पा मारू लागली आहेत.

दाखवलेलं वाक्य नट कानाने उचलतो. मग त्या वाक्याचा सूर त्याच्याकडे राहतो, पण अर्थ दिग्दर्शकाकडेच राहतो. त्यापेक्षा विचारावं: हा माणूस समोरच्याकडून काय काढून घ्यायला आलाय? पेरूचा भाव करणाऱ्या बागायतदाराला, आडत्याशी रोज बोलणाऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाचं उत्तर अंगातून देता येतं. हौशी नटाकडे आयुष्य भरपूर असतं. ते नाटकात आणायला त्याला वाट दाखवावी लागते.

आणि थांबवणं रंगीत तालमीत तर नकोच. चूक झाली तरी नाटक पुढे जाऊ द्यायचं, वहीत टिपायचं, शेवटी सगळ्यांना बसवून सांगायचं. चुकल्यावर सावरायचं कसं हेही तालमीतच शिकायचं असतं. प्रत्येक चुकीला दिग्दर्शक धावून आला, तर प्रयोगाच्या रात्री तो समोर नसताना नट तिथेच उभा राहतो.

९.५०

लखोबाचा वेश, त्याच्या कॅप्टनच्या रूपाचा गणवेश, महाराजाच्या रूपाची वस्त्रं, सगळं ड्रेपरीवाल्याकडून उद्या दुपारी येणार आहे. म्हणून रंगीत तालीम घरच्याच कपड्यांवर चालू आहे. अंधार झाला असं समजून मुख्य नट विंगेत जातो आणि लगेच परत येतो.

या नाटकाचा मोठा धोका इथेच आहे. मूळ प्रयोगाला फिरता रंगमंच होता. एक दृश्य संपताच दुसरं समोर येई आणि कोर्टातला माणूस क्षणात दुसऱ्या रूपात उभा राही. मैदानावरच्या फळ्यांच्या रंगमंचाला ते यंत्र नाही, तिथे ब्लॅकआऊटवरच भागवायचं. म्हणजे प्रत्येक वेशांतर किती मिनिटांत होतं, कोट कोणी धरायचा, मिशी कोणी लावायची, बुटाची नाडी असावी की नसावी, हे सगळं घड्याळ लावून पुन्हा पुन्हा करून पाहायला हवं होतं. चार मिनिटांचा एक अंधार धरला, तर तसे सात अंधार म्हणजे जवळपास अर्धा तास. हा अर्धा तास कुणाच्याच हिशेबात नाही, कारण नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग कधी झालेलंच नाही. त्याची लांबी कुणालाच माहीत नाही.

१०.४०

“भाऊ, लाईट आली. मोटर चालू करायला निघतो.” शेतीच्या विजेचं वेळापत्रक या आठवड्यात रात्रीचं आहे. वकिलाचं काम करणारा उसाला पाणी भरायला जातो. त्याच्या जागी प्रॉम्प्टर वाचतो. आता प्रॉम्प्टरही प्रॉम्प्टर उरलेला नाही.

११.१५

“पुढचं आपल्याला येतंच.” तालीम संपली.

शनिवार, सकाळी ११.००

मंडप, खुर्च्या, पाहुण्यांची गाडी, शाली, श्रीफळं. हे सगळं दिग्दर्शकच बघतोय, कारण दुसऱ्या कुणाकडे काम सोपवलेलं नाही. रंगमंचावर नट अजून एकदाही चाललेले नाहीत.

दुपारी ३.३०

ड्रेपरी आली. गणवेशाचा कोट दंडात अडकतो. साउंडवाल्याने समोर तीन माइक लावलेत. नट त्या तीन माइकांपाशीच गोळा होणार हे इथेच ठरलं.

७.००

प्रयोगाची वेळ. नटराजपूजन होतं, नारळ फुटतो. मग सत्कार.

८.१०

भाषणं सुरूच आहेत. विंगेत रंगभूषा घामाने ओघळते आहे. मैदान भरलंय. बाया-पोरं चटया टाकून पुढे बसलीत. इतकी माणसं नाटकासाठी घराबाहेर पडतात, ही या भागाची केवढी पुण्याई. त्यांचा एक तास दहा मिनिटं गेलीत.

८.२०

तिसरी घंटा. पहिले प्रवेश सुरेख होतात. हशे येतात. घोटलेलं काम दिसतं.

८.५५

कॅप्टनचा कोट चढत नाही. अंधार लांबतो. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडतं. लोक आधी गप्प राहतात, मग बोलू लागतात.

९.१५

आरोपी आपलं नेहमीचं वाक्य बोलतो. नाटकाचं नाव असलेलं तेच वाक्य ठिकठिकाणी परत येतं आणि तोच हौशी संचासाठी सापळा आहे: ते ऐकून पुढचा नट कोणत्याही प्रवेशाला जोडला जाऊ शकतो. रात्रभर पाणी भरून आलेला वकील पुढच्या साक्षीतला प्रश्न विचारतो. आरोपी त्याचंच उत्तर देतो. एक अख्खी साक्ष गळून पडते. ती ताईंची साक्ष होती. त्या विंगेत तयार उभ्या आहेत. प्रॉम्प्टर पानं उलटतोय, त्याचा आवाज माइकवर येतो. सावरायचं कसं हे कुणीच कधी केलेलं नाही, म्हणून दोघं नट एकमेकांकडे बघत उभे राहतात. अखेर पडदा ओढला जातो.

९.३५

पडदा पुन्हा उघडतो. गळालेली साक्ष आता घ्यायची असं ठरलंय, पण कथेचे धागे उलटसुलट झालेत.

९.५०

पोलीस कर्मचारी संयोजकांना घड्याळ दाखवतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाची गोष्ट वेगळी. सरकारने सवलत दिलेले वर्षातले ठरावीक दिवस असतात, पण आजचा शनिवार त्यांत नाही. हा नियम प्रयोगाची तारीख ठरली तेव्हाही होता.

१०.००

माइक बंद. शेवटचे प्रवेश उरलेत. नट मोठ्याने बोलायचा प्रयत्न करतात, पण तालमीत मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय कुणी लावलेली नाही. मागची माणसं उठतात. ती उठली म्हणून मधली उठतात. लखोबाच्या खटल्याचं पुढे काय झालं, हे मैदानातल्या बहुतेकांना कळत नाही.

यात कुणाचाही अभिनय कमी पडला नाही. वकील झालेल्या शेतकऱ्याची जीभ धारदार होती, ताईंचं पाठांतर चोख होतं, लखोबा तर पहिल्या प्रवेशात टाळी घेऊन गेला. कमी पडल्या त्या सलग तालमी.

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा कित्येक वर्षांपासून चालू आहे. अहिल्यानगरच्या केंद्रावर जाण्याची उमेद राहाता तालुक्यातल्या मुलामुलींत आहे. त्यांना माझी विनंती एवढीच: पुढच्या नाटकाला दाराला वेळापत्रक लावा. आठवड्यातून एकदा तालीम शेवटच्या प्रवेशापासून सुरू करा. कपडे आणि बूट आठ दिवस आधी अंगावर चढवा, भाड्याचे परवडत नसतील तर त्याच मापाचे जुने वापरा. प्रॉम्प्टरला शेवटच्या तालमींत गप्प बसवा. निदान तीन वेळा, मध्ये कुणी काहीही विसरलं तरी न थांबता, घड्याळ लावून पूर्ण नाटक करा. आणि सत्कार नाटक संपल्यावर ठेवा.