आमची पद्मावती यात कितवी?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले थोडे शब्द तसेच ठेवलेत.)

नवरात्र आलंय, तर या वेळी देवीच्या रूपांबद्दल बोलायचं ठरलं होतं. माझी स्क्रिप्ट तयार होती. शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा, कूष्मांडा, स्कंदमाता, कात्यायनी, कालरात्री, महागौरी, सिद्धिदात्री. नऊ दिवस, नऊ रूपं, नऊ रंग. बीटेकवाल्याला असं टेबल दिसलं की लगेच बरं वाटतं.

तर झालं असं, की मी राजगड उतरून गुंजवण्यात एका घराच्या पडवीत जेवायला बसलो होतो. पिठलं-भाकरी येईपर्यंत म्हटलं, वेळ मोजून घेऊ. मोबाईलवर टायमर लावला आणि स्क्रिप्ट मोठ्यानं वाचायला लागलो. वाढणाऱ्या मावशी ताट घेऊन तशाच उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "नावं लई चांगली हायेत, दादा. पर आमची पद्मावती ह्यात कितवी?"

मला उत्तर आलं नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कॉलेजात असताना मी पद्मावतीच्या देवळात एक रात्र झोपलोय. सॅक उशाला होती आणि देवी दोन हातांवर. आत काय आहे ते मी तेव्हा नीट पाहिलंही नव्हतं. पॉवर बँक किती टक्के उरली होती ते मात्र आठवतं.

म्हणून ती स्क्रिप्ट बाजूला ठेवली. आजचा भाग मावशींच्या प्रश्नाचा.

आधी जागा समजून घ्या. गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचं गाव. हे खोरं म्हणजे जुना गुंजण मावळ, बारा मावळांपैकी एक. तालुका वेल्हे, ज्याचं नाव आता राजगड झालंय. गावातून चोर दरवाजाच्या वाटेनं चढलात की तुम्ही थेट पद्मावती माचीवर, तळ्यापाशी पोचता. गडाला तीन माच्या आहेत: संजीवनी, सुवेळा आणि पद्मावती. यातली पद्मावती ही राबती माची. महाराजांची राजधानी इथे साधारण पंचवीस वर्षं होती, आणि राजधानीचा रोजचा व्यवहार याच माचीवर चालायचा. माचीला नाव देवीचं, तळ्यालाही देवीचंच.

आता देवळात चला. आत एक नाही, तीन रूपं आहेत. मुख्य पूजेची मूर्ती भोरच्या पंतसचिवांनी बसवलेली, असं सांगतात. तिच्या उजव्या बाजूची लहान मूर्ती शिवाजी महाराजांनी बसवली, अशी परंपरा आहे. आणि या दोघींच्या मधे आहे शेंदूर लावलेला तांदळा.

तांदळा म्हणजे काय? नाक-डोळे, हात, शस्त्र काहीही न कोरलेला दगड. मूर्ती घडवायला कारागीर लागतो, पैसा लागतो. तांदळ्याला फक्त मानणारी माणसं लागतात. गुराख्यानं, शेतकऱ्यानं शेंदूर लावला, नारळ फोडला, की ती देवी.

मला यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? राजा आला, त्यानं मूर्ती बसवली. पुढे संस्थान आलं, त्यांनी मोठी मूर्ती बसवली. १९४८ साली भोर संस्थान विलीन झालं. पण यात कुणीही तांदळा उचलून बाहेर ठेवला नाही. आपण सॉफ्टवेअरवाले नवं व्हर्जन आलं की जुनं बंद करतो. इथे तिन्ही चालू आहेत, आणि नमस्कार तिघींना मिळून एकच.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. ती नऊ नावं खोटी अजिबात नाहीत. ती देवीकवचात येतात, जे सप्तशतीच्या पाठाआधी म्हणतात. पण आपल्याकडे घरोघरी दिवस मोजतात ते माळेनं: आज तिसरी माळ, आज सातवी माळ. घटाखाली माती, मातीत धान्य, वर रोज एक माळ. दसऱ्याला उगवलेलं धान टोपीत खोचायचं. पीक हाताशी येण्याच्या दिवसातला हा शेतकऱ्याचा सण आहे. रंगांचं तर अगदी अलीकडचं. वर्तमानपत्रांनी ते घरोघरी पोचवले आणि ते ठरतात वारावर. ऑफिसात सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालायला मजा येते, ती जरूर घ्या. फक्त त्याला हजार वर्षांची परंपरा म्हणू नका.

आणि महाराष्ट्रातली मोठी ठाणी पाहिलीत तरी रूपं एका साच्यातली नाहीत. तुळजापूरची भवानी नवरात्राआधी पलंगावर निद्रेला जाते. माहूरच्या रेणुकेचा फक्त मुखवटा आहे. वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर २०२२ साली काढले, तेव्हा लोकांना तिचं आतलं रूप दिसलं. आपल्याच खोऱ्यात बघा: राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जननी, समोर तोरण्यावर मेंगाई आणि तोरणजाई. यातलं एकही नाव माझ्या टेबलात नव्हतं.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो. पद्मावतीच्या देवळासमोर एक समाधी आहे, महाराणी सईबाईंची. त्या गेल्या ५ सप्टेंबर १६५९ रोजी, राजगडावरच. तिथी भाद्रपद वद्य चतुर्दशी. म्हणजे घट बसायला जेमतेम दोन दिवस. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला. पुढच्या दोन महिन्यांत, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. आणि १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली.

आपल्याला प्रतापगडाची तारीख पाठ असते. राजगडावरची ही तारीख नसते. लहानग्या संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ इथलीच, भोरजवळच्या कापूरहोळची. आईची रूपं मोजायचीच झाली, तर या खोऱ्यात मोजणी इथूनही सुरू करता येते.

जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढेल, रील्स वाढतील. छान आहे. फक्त देवळात पाय ठेवाल तेव्हा बूट बाहेर काढा आणि दोन मूर्तींच्या मधे बघा. समोरच्या समाधीपाशीही मिनिटभर थांबा.

मावशींना उत्तर द्यायचं राहिलं होतं. पुढच्या खेपेला गेलो आणि म्हटलं, "मावशी, पद्मावती त्या नवात नाही. ती आधीपासूनच इथं आहे."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "ते आमाला ठावं हाय. तुला ठावं हाय का, ते इचारलं व्हतं."

चला मंडळी, तुमच्या गावच्या देवीचं नाव काय आणि ती मूर्ती आहे, मुखवटा आहे की तांदळा, हे आजीला एक फोन करून विचारा. मग मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर, उदो उदो!