मोजणीबाहेरचे कारखानदार

१/ स्वातंत्र्यानंतर मोठ्या गिरणीची नोंद सरकारदरबारी होत असे. गल्लीतल्या शिंप्याची नव्हे. ही विषमता कायद्यातूनच आली होती.

२/ १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रेषा आखली: यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार, अन्यथा २०. १९५९ पासूनची वार्षिक उद्योग पाहणी मुख्यतः याच नोंदणीकृत कारखान्यांवर बेतलेली होती.

३/ रेषेखालचे जग मोजण्यासाठी १९७७ मध्ये पहिली आर्थिक गणना झाली. मात्र शेतीबाहेरच्या ज्या व्यवसायांत किमान एक पगारी माणूस नियमित कामास होता, तेवढेच तिने धरले. नवरा-बायकोने मिळून चालवलेला हातमाग बाहेरच राहिला.

४/ १९८० च्या दुसऱ्या गणनेने ही अट काढून टाकली. १९८१ च्या जनगणनेसाठी घरयादी करणारे प्रगणक दारोदारी जाणारच होते. त्याच फेरीत व्यवसायांचीही नोंद झाली.

५/ आता २०१३ ची सहावी गणना पाहा. पीक उत्पादन वगळता देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आढळल्या. त्यांपैकी जवळपास ७२ टक्क्यांत एकही नियमित पगारी माणूस नव्हता. १९७७ चा निकष कायम असता, तर या सर्व आस्थापना गणनेतून गळाल्या असत्या.

६/ धोरणे आकड्यांवर बेततात. म्हणून ‘देशात उद्योग किती?’ या प्रश्नाआधी ‘उद्योग कशाला म्हटले आहे?’ हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.