गोलाई कुणाच्या मापाची?

आमच्या शहरात उस्मानपुरा काय किंवा क्रांती चौक काय, दुकानांच्या नव्या पाट्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतात. गोल टोकांची, सारख्या जाडीची रोमन अक्षरे आणि सोबत तशीच देवनागरी. या वळणाच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. जाड-बारीक रेषा ही तिरक्या कापलेल्या बोरूची खूण. मोबाइलच्या पडद्यावर बोरू नाही, मग त्याचे ओझे कशाला? एकजाड गोल अक्षर स्वच्छ दिसते, तटस्थ असते आणि दोन्ही लिप्यांत ब्रँडचा चेहरा एकच ठेवते.

बोरूबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. एकजाड अक्षराला परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सोपाऱ्याचा अशोकाचा लेख आठवावा. त्या ब्राह्मीत ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे आत ठिपका असलेले वर्तुळ. आजचा ‘मुक्ता’ हा फॉन्टही एकजाडच आहे आणि सुखाने वाचता येतो.

खोट आहे ती तटस्थतेच्या दाव्यात. रोमनमधले ओ, सी, ई एकाच वर्तुळातून काढता येतात. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा फरक शिरोरेषेतल्या चिमूटभर तुटीवर आणि तिथल्या लहानशा वळशावर तोलून धरलेला असतो. रेषा ठळक केली की ती तूट बुजू लागते. आणि पाटीसाठी निवडतात तो नेमका ठळक प्रकारच! ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. बारीक होत जाणारी रेषा तिथे आपसूक जागा सोडते. एकजाड रेषेत ती जागा रचनाकाराला मुद्दाम काढावी लागते. रोमन आराखडा आधी पक्का करून देवनागरी त्यात कोंबली, तर ती जागा काढणार कुठून?

२०१४ च्या ‘पॉपिन्स’मध्ये देवनागरीला जागा देण्याचा विचार दिसतो. तो पुरता भौमितिक फॉन्ट, पण जॉनी पिनहॉर्न यांची मोठी रोमन अक्षरे निनाद काळे यांच्या देवनागरीपेक्षा बुटकी ठेवली आहेत. उलट पाट्यांबाबतच्या २०२२ च्या कायदादुरुस्तीने मापाबाबत मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे एवढेच बजावले. संगणकावर दोन्हींना एकच आकडा दिला, तरी वरखालच्या मात्रांची जागा वजा जाऊन देवनागरीचा गाभा लहान पडू शकतो, हे नुसता आकडा पाहणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न मापाचाच नाही, वळणाचाही आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ठरली आहेत. अनेक फॉन्टांत ती असतातही. पण मजकूर मराठी आहे हे अ‍ॅपला सांगितलेले नसते आणि हिंदी वळण उमटते. हा आळस आहे, त्याला तटस्थता म्हणू नये.

शेवटचा आक्षेप असा की वाचक संदर्भाने सावरून घेतोच. वाक्यात घेतो, हे खरे. पाटीवर वाक्य नसते, आडनाव असते. दवाखाना भोरे यांचा की मोरे यांचा, हे सांगायला तिथे त्या एका अक्षराशिवाय दुसरे काहीही नसते.