विवर्धक, घरगुती (निर्वात नलिका व ट्रँझिस्टर)

विवर्धक, घरगुती : तबकडी, नभोवाणी वा ध्वनिफीत यांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक हलविण्याइतका समर्थ करणारे उपकरण, बोलीत ‘ॲम्प्लिफायर’. निर्वात नलिकेचा (व्हॉल्व्हचा) व ट्रँझिस्टरचा असे त्याचे दोन मुख्य प्रकार असून, मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या (ता. बागलाण, जि. नाशिक) गावी यांपैकी कोणता घ्यावा याचा निर्णय नादमाधुर्याइतकाच वीजपुरवठ्यावर व दुरुस्तीच्या सोयीवर अवलंबून असतो.

घडण : नलिकेत तापलेल्या ऋणाग्रापासून धनाग्राकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा ओघ मधल्या जालकावरील संकेतानुसार कमीजास्त होतो. यासाठी सुमारे 250 ते 300 व्होल्ट दाब लागतो, आणि प्रवाह अल्प असल्यामुळे 4 वा 8 ओहमांच्या ध्वनिक्षेपकाशी मेळ घालण्याकरिता प्रदान-रोहित्र मध्ये घालावे लागते. संचाचे वजन, किंमत व बरीचशी गुणवत्ता या रोहित्रातच साठलेली असते. ट्रँझिस्टर कमी दाबावर भरपूर प्रवाह देतो, सबब 1956 मध्ये लिन यांनी दाखविलेल्या मंडलापासून हे रोहित्र क्रमशः गळाले.

इतिहास : ली डी फॉरेस्ट यांची नलिका 1906 ची, हॅरल्ड ब्लॅक यांची ऋण प्रतिसंभरणाची (प्रदानाचा काही अंश उलटा करून आदानात परत मिसळण्याची) कल्पना 1927 ची. विल्यमसन यांचा प्रसिद्ध विवर्धक 1947 सालचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टर जन्मास आला.

नाशिक जिल्ह्याचा या विद्येशी असलेला संबंध मोटवाने घराण्यामुळे विशेष उल्लेखनीय आहे. ग्यानचंद चंदुमल मोटवाने यांनी 1909 साली सिंधमध्ये सक्कर येथे आरंभिलेला व्यवसाय पुढे कराचीमार्गे मुंबईस आला व ‘शिकागो रेडिओ’ या नावाने सर्वतोमुखी झाला. 1931 च्या कराची काँग्रेसमध्ये आणि 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर गांधीजींचे भाषण ज्या कर्ण्यांतून लोकांनी ऐकले ते याच पेढीचे होते, आणि त्यामागील विवर्धक, ट्रँझिस्टर अद्याप अस्तित्वात नसल्यामुळे, अर्थातच नलिकांचे. याच घराण्यातील नानिक मोटवाने यांच्यावर, 1942 च्या चळवळीत गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात आरोपही ठेवण्यात आला होता. त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे या घराण्याचा कारखाना नाशिकरोड येथे उभा राहिला. हे सारे सभांचे विवर्धक होत, दिवाणखान्याचे नव्हेत. तथापि आपल्याकडील सामान्य माणसाच्या कानावर यंत्रातून आलेला मोठा आवाज पहिल्याने पडला तो अशाच मार्गाने.

नाद : या बाबतीत जाणकारांत एकमत नाही. नलिकेची विकृती बहुधा मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेची, म्हणजे वरच्या सप्तकातील त्याच स्वराची, असते. तिप्पट कंप्रता तार सप्तकातील पंचमावर पडते. तंबोऱ्यात हेच अंश निसर्गतः घुमत असल्यामुळे एकट्या गळ्याचे गाणे नलिकेवर भरदार वाटावे यात नवल नाही. परंतु अनेक स्वर एकत्र वाजले की त्याच विकृतीतून त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या कंप्रता निपजतात व त्या बहुधा कोणत्याच रागात बसत नाहीत. सुरुवातीच्या काही ट्रँझिस्टर-संचांत मंद आवाजात जाणवणारा खरखरीतपणा खरा होता. नीट रचलेल्या आधुनिक संचात तो उरलेला नाही.

निवड : एका ‘ईएल 84’ नलिकेचा संच सुमारे 5 वॉट देतो. खोलीपुरते तेवढे पुष्कळ. मात्र ध्वनिक्षेपक कार्यक्षम हवा, कारण त्याची क्षमता 3 डेसिबेलने घटली की तितक्याच आवाजास दुप्पट शक्ती लागते. याच नलिकेच्या तापतंतूस 6.3 व्होल्ट मुक्रर असून, शेतीपंप सुरू होताच खेड्यातील दाब उतरला की तापतंतूही निवतो, आणि असे वारंवार घडल्यास ऋणाग्राचे आयुष्य घटते. म्हणून दाब-स्थिरकाशिवाय (स्टॅबिलायझरशिवाय) असा संच ठेवू नये. बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी नलिका बनवीत असे. आज नव्या नलिका मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. नित्य वापरासाठी, विशेषतः तालुक्याच्या बाजारात दुरुस्ती व्हावी अशी अपेक्षा असल्यास, ट्रँझिस्टरचा संचच घ्यावा. जुन्या तबकड्यांचा संग्रह, कार्यक्षम ध्वनिक्षेपक व स्थिरक ही तिन्ही ज्याच्यापाशी आहेत, त्याने नलिकेचा खर्च करण्यास हरकत नाही.

संकर प्रकार : संकेताच्या आरंभीच्या टप्प्यात नलिका, अखेरच्या टप्प्यात ट्रँझिस्टर.

दक्षता : नलिकेचा संच बंद करून वीज तोडल्यावरही त्यातील धारित्रांत प्राणघातक दाब काही काळ टिकून राहतो; तो उतरल्याची मापकाने खात्री केल्याखेरीज आतील भागास हात लावू नये.